सोबत : अकरा सत्यप्रती

ज्या माणसाने चौतीस वर्षे इतरांवर ‘कारणे दाखवा’ नोटिसा बजावल्या, त्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या वर्तनाची कारणे लेखी द्यावीत, असे माझे मत आहे. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘नोकरीतले काही रंजक प्रसंग’ मागितले. ‘रंजक’ या शब्दाला माझी हरकत आहे आणि ती मी त्यांना स्वतंत्र पत्राने कळवली आहे. प्रसंग मात्र देतो. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग निवृत्तीनंतर सात वर्षांनी, नेदरलँड्समधल्या टिलबर्ग नावाच्या शहरात घडला. तरीही तो माझ्या नोकरीचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे. वाचकांनी दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा.

प्रथम व्यवसायाविषयी. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी होतो. सायंकाळच्या महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतल्यामुळे चौकशा, नोटिसा आणि भरती ही तिन्ही कामे माझ्याकडे आली. बाहेरच्यांना वाटते, हा विभाग माणसे नेमतो. एका जागेला दोनशे अर्ज आले, की आमचे पहिले काम एकशे नव्वद माणसांना न नेमण्याचे असते. याला छाननी म्हणतात. छाननी करणारा अर्ज वाचत नाही, तो नाकारण्याचे कारण शोधतो. पहिले कारण सापडले की वाचन तिथेच थांबते. हे मी अभिमानाने लिहीत नाही. कामाची पद्धत म्हणून नोंदवतो.

संशय हे आमचे मुख्य हत्यार. एका फिटरने सात वर्षांत आजीच्या निधनासाठी पाच वेळा रजा घेतली. चौकशीत तो म्हणाला, ‘‘साहेब, आजोबांनी लग्नं केली, त्यात माझा काय गुन्हा?’’ मी आजोबांच्या विवाहांचे पुरावे मागितले. त्याने खरोखर तीन लग्नांचे आणून दिले! उरलेल्या दोन निधनांपैकी एक आईकडची आजी निघाली. पाचवी सिद्ध होऊ शकली नाही. त्याला लेखी ताकीद देण्यात आली.

संशय मला कोणाकडून शिकावा लागला नाही. मी कोणत्या वस्तीत वाढलो, आणि आडनाव सांगितल्यावर मुलाखत घेणाऱ्यांचा आवाज कसा बदलत असे, ते मी विशीतच ऐकले होते. नामंजुरीची कारणे कागदावर एक आणि मनात दुसरी असतात, हे मला कारखान्यात शिरण्यापूर्वीच ठाऊक होते. त्यामुळे खुर्चीवर बसल्यावर मी आडनावाकडे कधी पाहिले नाही. याची साक्ष देणारे लोक आहेत.

मी पाहत असे तो खंड. दोन नोकऱ्यांच्या मध्ये वर्षभराहून अधिक मोकळी जागा दिसली, की अर्जाच्या समासात तांबड्या पेन्सिलीने छोटा त्रिकोण काढायचा, ही माझी पद्धत. त्रिकोणाचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जात, आणि त्या गठ्ठ्याला सहसा कोणी हात लावत नसे. विद्या साळवी नावाच्या एक बाई त्या गठ्ठ्यात होत्या. भांडार विभागातल्या जागेसाठी अर्ज, पूर्वीचा अनुभव उत्तम, मध्ये पाच वर्षे कोरी. त्या माझ्या दाराबाहेरच्या बाकावर अर्धा दिवस बसल्या आणि शेवटी आत आल्या.

‘‘साहेब, अर्जात कमी काय होतं?’’

‘‘कारणे देण्यास आम्ही बांधील नाही,’’ मी म्हणालो. कायद्याने ते बरोबर होते.

‘‘पाच वर्षं मी नुसती बसले नव्हते. सासूबाई अंथरुणावर होत्या. औषधं, लघवी, ताप, सगळं वेळेसकट लिहून ठेवलंय मी. तुमच्या स्टोअरच्या वह्या बघितल्या बाहेर. त्यापेक्षा माझ्या चांगल्या आहेत.’’

‘‘त्याचे प्रमाणपत्र आहे का?’’ मी विचारले.

त्या वळल्या. दार हलकेच ओढून घेतले आणि गेल्या. आपटले असते तर मी त्यांना विसरलो असतो.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत, मी तीन महिन्यांसाठी मुलाकडे टिलबर्गला गेलो. पत्नी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मुलगा मिलिंद नायमेखन शहरातल्या एका संशोधन कंपनीत. सून प्रज्ञा एम.एस्सी., नाशिकच्या औषध कंपनीत सहा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केलेली, आणि मिलिंदच्या मागोमाग आश्रित म्हणून आलेली. नात आर्या आठ वर्षांची. मराठीतला प्रश्न तिला पूर्ण समजतो आणि उत्तर ती डचमध्ये देते. महिन्याभरात शाळा बंद, कचेऱ्या बंद, विमाने बंद. मिलिंद वरच्या खोलीत बसून नायमेखनचे काम करू लागला. व्हिसाच्या मुदतवाढीचे पत्र हे मी त्या देशात लिहिलेले पहिले पत्र. उत्तर वेळेत आले. याचाही मला संशय आला होता.

प्रज्ञाची नोकरी सुटून आठ वर्षे झाली होती. तिने तिथली भाषा शिकून घेतली, परीक्षा दिली, वाचनालयात विनामोबदला काम केले. अधूनमधून अर्ज करी, नकार येई, पुन्हा वर्षभर थांबे. आता तर घराघरांत नोकरी गेलेले लोक बसले होते आणि एकेका जागेवर तुटून पडत होते. एका सकाळी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली,

‘‘पप्पा, पुढच्या वर्षी मी चाळीस. यंदा शेवटचं बघणार. नाही जमलं तर मिलिंदला सांगून टाकीन, यापुढे हा विषय काढायचा नाही म्हणून.’’

हे ती रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती हिशेबाने ठरवलेल्या आवाजात म्हणाली, म्हणून मी घाबरलो. एका माणसाची फाइल कायमची बंद होताना कशी दिसते, ते मी जन्मभर पाहिले होते.

यानंतर जे घडले त्यावर उभयपक्षी मतभेद आहेत. प्रज्ञाचे म्हणणे, तिने मला अर्जाचे फक्त स्पेलिंग तपासायला सांगितले होते. माझे म्हणणे, तिने मदत मागितली होती. मूळ अर्ज बारा ओळींचा होता आणि ‘नमस्कार’ने सुरू होत होता. कोणत्याही सक्षम छाननी अधिकाऱ्याने तो पहिल्या मिनिटात फेकला असता. मी तो नव्याने तयार केला. विषय, संदर्भ, ‘निम्नस्वाक्षरीकार सविनय निवेदन करते की’ या अर्थाचे इंग्रजी, आणि तिसऱ्या परिच्छेदात खंडाचे स्पष्टीकरण, उपकलमांसह : (क) विवाह, (ख) परदेशगमन, (ग) प्रसूती, (घ) प्रसूतीनंतरचे आजारपण. प्रत्येक विधानाला पुरावा. सोबत अकरा जोडपत्रे, आणि प्रत्येक पानावर ‘सत्यप्रत’ असे लिहून प्रज्ञाची सही.

‘‘पप्पा, हा जॉबचा अर्ज आहे की जामिनाचा?’’ मिलिंदने जिन्यातूनच विचारले.

‘‘संशयाला जागा ठेवली नाही, एवढेच.’’

‘‘आर्याचा जन्मदाखला कशाला जोडलाय?’’

‘‘मूल खरोखर झाले होते, हे त्यांनी कशावरून मानावे?’’

प्रज्ञाने पेन घेतले. तिने अकरा पानांवर सह्या केल्या. तिला माझा मान राखायचा होता, हे मला आता कळते. तेव्हा मी त्याला संमती समजलो.

असे नऊ अर्ज गेले. मी आवक-जावकची वही घातली. जावक नऊ, आवक नऊ, सगळे नकार. सगळ्या नकारांत तोच मजकूर : प्रतिसाद मोठा होता, आपल्यापेक्षा अधिक जुळणारे उमेदवार मिळाले, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सही नाही, हुद्दा नाही. ज्या पत्त्यावरून ते येत, त्यावर उत्तर पाठवता येत नाही, असे त्या पत्त्याच्या नावातच लिहिलेले! चौतीस वर्षांत मी असंख्य लोकांना नाकारले. पण प्रत्येक नकाराखाली माझी सही होती. ज्याला शिव्या द्यायच्या त्याला नाव-गाव उपलब्ध होते. आपल्याच नकाराला उत्तर येऊ नये म्हणून दार बंद करून बसणाऱ्या व्यवस्थेविषयी मला जे वाटले, ते या अंकात छापता येणार नाही. मी तरीही तीनदा उत्तर पाठवले. तिन्ही परत आली.

मग माझा जुना संशय जागा झाला. कारण कागदावर एक, मनात दुसरे. आडनाव? वर्ण? खंड? मी त्यांचा कायदा वाचायला बसलो. तिथे कंपनीने आपल्याविषयी जे काही लिहून ठेवले असेल, ते मागण्याचा हक्क अर्जदाराला आहे आणि महिन्याभरात ते द्यावे लागते. आमच्या काळी इथे असा कायदा असता तर माझ्या सगळ्या त्रिकोणांना उत्तर द्यावे लागले असते, हा विचार मनात आला. मी तो पुढे नेला नाही. नकार देणाऱ्या नऊंपैकी मी एक कंपनी निवडली. टिलबर्गच्या बाहेर तिचे औषधांचे शीतगोदाम होते आणि तिथल्या गुणवत्ता विभागातली जागा प्रज्ञाच्याच कामाची होती. तिच्या नावाने, तिच्याच ई-मेलवरून मी मागणीपत्र धाडले. पत्रव्यवहारासाठी तो माझ्याकडे उघडा असे.

उत्तर अठराव्या दिवशी आले. त्यात छाननी करणाऱ्यांचा शेरा होता. मी तो संगणकाकडून इंग्रजीत करून घेतला, मग दुसऱ्या संगणकी भाषांतराकडून पडताळून घेतला. दोन्हींचा अर्थ एकच निघाला :

‘पत्र कोणी लिहिले? वकिलाने? विवाह, प्रसूती, आजारपण यांची कागदपत्रे आहेत; ती आम्ही ठेवूसुद्धा शकत नाही, नष्ट करावीत. तापमानाच्या नोंदी ठेवता येतात का, याविषयी एक ओळ नाही. अनुभव चांगला वाटतो, पण ही बाई या पत्रात कुठेच दिसत नाही. बोलवू नये.’

आडनावाविषयी काही नव्हते. खंडाविषयीही नव्हते. मी ते तीन वेळा तपासले, कारण तिथे काहीतरी असावे अशी माझी इच्छा होती.

आणि मग, कायद्याचा पदवीधर असलेल्या, पुरावा दडवणाऱ्यांना निलंबित करीत आलेल्या मी, तो ई-मेल संगणकातून काढून टाकला, त्याची छापील प्रत माझ्या व्हिसाच्या फाइलमध्ये मुदतवाढीच्या कागदाखाली ठेवली, आणि वहीत ‘उत्तर अप्राप्त’ असे लिहिले. कारण : लज्जा. याहून वेगळे कारण मी देणार नाही.

त्यानंतर प्रज्ञा बदलली. अर्ज माझ्याकडे येणे थांबले. ‘‘सध्या काही निघत नाहीये, पप्पा,’’ ती म्हणे. फोन आला की परसात जाऊन बोले. एके दिवशी दुपारी ती सायकल घेऊन बाहेर पडली आणि दीड तासाने आली. हातात पिशवी नाही, काही आणलेले नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच, फक्त या वेळी पाठीवर पिशवी. मी आर्याला विचारले, ‘‘आई कुठे जाते गं?’’ तिने नेहमीप्रमाणे डचमध्ये उत्तर दिले. मी ‘‘मराठीत सांग’’ म्हटल्यावर ती वैतागून इंग्रजीवर आली, ‘‘वॉकिंग, आबा. विथ अ मिस्टर.’’

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. माझा संशय सुनेच्या चारित्र्याविषयी नव्हता. नोकरीची निकड असलेल्या शिकलेल्या बाईला गाठून ‘काम देतो’ म्हणणारे लोक कसे असतात, हे मी चौकशांतून पाहिले होते. ते कचेरीत बोलावत नाहीत. लेखी काही देत नाहीत. उघड्यावर भेटतात, म्हणजे पुरावा राहत नाही. तिसऱ्या वेळी ती निघाल्यावर मी चष्मा, वही आणि पेन घेऊन कालव्याच्या रस्त्याने निघालो.

ते दिसले. कालव्याकाठच्या वाटेवर प्रज्ञा, आणि तिच्यापासून दीड मीटर अंतर राखून चालणारा एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस. तो हातवारे करीत होता. ती हसत होती. घरात माझ्यासमोर ती तसे हसल्याचे मला आठवले नाही, आणि त्यामुळे मी अधिकच चिडलो.

मी वाट अडवून उभा राहिलो. ‘‘आपण कोण?’’ मी इंग्रजीत विचारले. ‘‘आपले ओळखपत्र दाखवा. आणि या बाईंना बोलावल्याचे लेखी पत्र.’’

‘‘पप्पा!’’ प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. ‘‘पप्पा, प्लीज. इंटरव्ह्यू चाललाय माझा.’’

‘‘रस्त्यावर? कोणत्या कायद्याखाली?’’

‘‘ऑफिस बंद आहे ना पप्पा! इकडे सगळे असेच चालत चालत घेतायत.’’

तो माणूस आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने गळ्यातले कार्ड काढले, शेजारच्या बाकावर ठेवले आणि नियमाप्रमाणे मागे सरकला. मी पुढे झालो, कार्ड वाचले, नाव वहीत उतरवले, कार्ड बाकावर ठेवून मागे सरकलो. तो पुढे झाला आणि कार्ड गळ्यात घातले. दोन वकील कोर्टात एकमेकांना पुरावे दाखवतात तसे ते चालले होते. त्याचे नाव योस. त्याच शीतगोदामाचा गुणवत्ता विभागप्रमुख!

‘‘अकरा जोडपत्रे तुमचीच का?’’ त्याने विचारले.

‘‘प्रत्येक पानावर सही होती,’’ मी म्हणालो.

‘‘हो. आमच्याकडच्या बाईंनी ती सगळी मोजली.’’ तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. ‘‘आमची थोडी चर्चा राहिली आहे. तोवर तुम्ही इथे बसाल का?’’

मी बसलो. ती दोघे पुलापर्यंत गेली, वळली, पुन्हा गेली. मला काही ऐकू येत नव्हते. एखाद्याचे भवितव्य आत ठरत असताना बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, हे मी पहिल्यांदाच करीत होतो. माझ्या दाराबाहेरचा बाक लाकडी होता, त्याला पाठ नव्हती; तो मीच मंजूर केला होता, लोक फार वेळ बसू नयेत म्हणून. त्या बाकावर अर्धा दिवस बसणे म्हणजे काय असते, हे मला टिलबर्गच्या कालव्याकाठी कळले. मी बसलो होतो त्या कालव्याकाठच्या बाकाला निदान पाठ होती.

योस जाताना मला हात उंचावून ‘‘हौदू!’’ म्हणाला. त्या भागात निरोप घेताना असे म्हणतात. मी नमस्कार केला.

प्रज्ञा घरी निघाली. सायकल हातात धरून माझ्या बाजूने चालत राहिली. स्वयंपाकघरात शिरल्यावर तिने दार लावले, वरच्या मजल्यावर मिलिंदची मीटिंग चालू होती म्हणून.

‘‘मला वाटलं, माझं काम आज तिथेच संपलं. कळतंय का तुम्हाला?’’

‘‘मला तुझी काळजी—’’

‘‘ती चिठ्ठी कुठे आहे, पप्पा?’’

‘‘कोणती?’’

‘‘व्हिसाच्या फायलीत आहे. मला माहितीय. तुम्ही मेल डिलीट केला, पण माझ्या फोनवर आधीच आला होता. दोन आठवडे मी वाट बघतेय, की आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही वहीत ‘उत्तर अप्राप्त’ लिहिलंत. मी वाचलं ते.’’

माझ्यावरचा आरोप पूर्णपणे सिद्ध झाला होता. मी फाइल आणली, कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, ‘‘आरोप मान्य आहे.’’

‘‘आरोप नकोय हो मला!’’ तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. ‘‘त्या कागदामुळेच मी फोन केला त्यांना. म्हटलं, ते पत्र माझं नाही, पण ही जागा माझी आहे, मला दहा मिनिटं द्या. तुम्ही भांडून तो कागद मागवलात, तो माझ्या कामाचा निघाला. आणि तुम्ही तोच लपवलात.’’

‘‘मग त्यांना काय सांगितलेस दहा मिनिटांत?’’

तिने फ्रिजच्या दाराकडे बोट केले. तिथे एक तक्ता लावलेला होता. सकाळ-संध्याकाळ आतले तापमान, वेळ आणि आद्याक्षरे. प्रयोगशाळेतली सवय, महिना संपला की तक्ता काढायचा, नवा लावायचा. आठ वर्षांचे तक्ते तिने कपाटात तारीखवार ठेवले होते. आर्याला ताप असतानाचे, एकदा वीज गेली तेव्हाचे, तिच्या स्वतःच्या आजारपणातले सुद्धा. मी आल्यापासून तो तक्ता रोज पाहत होतो आणि त्याला तिचा विक्षिप्तपणा समजत होतो. अर्जात त्याचा उल्लेख करावा असे मला एकदाही वाटले नाही, कारण त्यावर कोणाचा शिक्का नव्हता.

‘‘पहिल्या भेटीत हे सांगितलं. दुसऱ्या भेटीला गठ्ठाच घेऊन या म्हणाले,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘चालता चालता वाचले त्यांनी. एका ठिकाणी थांबून विचारलं, इथे नऊ डिग्री का? मी म्हटलं, त्या दिवशी लेकीचा वाढदिवस होता, दार सारखं उघडत होतं.’’

मी तिला तेव्हा विद्या साळवींची गोष्ट सांगितली. त्रिकोणासकट.

‘‘त्यांचं पुढे काय झालं?’’

‘‘माहीत नाही. नामंजूर अर्जांच्या फायली आम्ही तीन वर्षांनी नष्ट करायचो.’’

आठवड्याने करार आला. तो वाचायला तिने माझ्याकडे दिला, स्पष्ट शब्दांत, मिलिंदच्या साक्षीने : ‘‘फक्त वाचायचा. लिहायचं काही नाही.’’ करार सहा महिन्यांचा होता आणि त्यात पहिला महिना परिवीक्षेचा. म्हणजे त्या महिन्यात कधीही काढता येईल असा. मी त्यांच्या सरकारचे नियम काढून बसलो आणि दुपारपर्यंत मला हवे ते सापडले. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारात परिवीक्षा लावताच येत नाही. लावली तर ते कलम निरर्थक.

‘‘गप्प बसायचे,’’ मी प्रज्ञाला म्हणालो. ‘‘सही कर. त्यांनी महिन्याभरात काढलेच, तर कलम निरर्थक म्हणून काढणेही निरर्थक. हा हुकमी पत्ता आहे, तो दाखवायचा नसतो.’’

‘‘म्हणजे त्यांची चूक मी फायलीत घालून ठेवायची?’’ ती म्हणाली. ‘‘मुदतवाढीच्या कागदाखाली?’’

मिलिंद खोकला. मी करार तिच्याकडे सरकवला.

तिने माझ्यासमोरच योसला फोन लावला आणि डचमध्ये दोन वाक्ये बोलली. पलीकडून तो मोठ्याने हसलेला मला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सुधारित करार आला. परिवीक्षा तशीच होती. मुदत सहाऐवजी सात महिने केली होती. सात महिन्यांच्या करारात परिवीक्षा कायदेशीर ठरते!

‘‘पाहिलेस?’’ मी टेबलावर हात आपटला. ‘‘एक महिना दिला आणि हक्क काढून घेतला. यालाच मी म्हणत होतो.’’

‘‘पप्पा,’’ प्रज्ञा सही करता करता म्हणाली, ‘‘मला एक महिना जास्त मिळाला.’’

कायद्याच्या दृष्टीने मी बरोबर होतो, हे इथे पुन्हा नमूद करतो.

तिच्या परिवीक्षेचा महिना मी त्या घरात काढला. पहाटे ती सायकलने जाई, संध्याकाळी आली की मी चेहरा पाही. चौथ्या आठवड्यात माझ्या परतीच्या विमानाची सोय झाली. परिवीक्षेची मुदत संपायला तीन दिवस असताना मला निघावे लागले. या योगायोगाचाही मला संशय आला आणि तो मी मिलिंदला बोलून दाखवला. तो म्हणाला, ‘‘विमान कंपनी आणि योस आतून मिळालेले असतील, पप्पा.’’ पुण्यात उतरल्यावर मी विलगीकरणात बसलो होतो, तेव्हा प्रज्ञाचा निरोप आला. एका मोठ्या शीतखोलीच्या दाराचे छायाचित्र. दारावर तक्ता. शेवटच्या रकान्यात तिची आद्याक्षरे.

पुढच्या वर्षी कराराचे नूतनीकरण झाले. लाटा येत-जात राहिल्या, मी लसीच्या दोन मात्रा घेतल्या, आणि एका दुपारी टिलबर्गहून फोन आला.

‘‘पप्पा, विभागात एक जागा निघालीय. योसने अर्ज माझ्याकडे दिलेत बघायला.’’

‘‘छाननी,’’ मी म्हणालो.

‘‘एक अर्ज शेजारच्या ब्रेडा शहरातून आलाय. आपल्याकडचीच बाई आहे. बारा वर्षांची गॅप. सोबत चौदा कागद.’’

‘‘सह्या?’’

‘‘प्रत्येक पानावर.’’

‘‘मजकूर?’’

‘‘ ‘द अंडरसाइन्ड’पासून सुरुवात.’’

‘‘सासरा असणार,’’ मी म्हणालो.

‘‘किंवा वडील. काय करू?’’

माझ्या समोर टेबलावर पेन्सिलींचा डबा होता. तांबडी त्यात अजून आहे. मी तो डबा बाजूला सरकवला आणि म्हणालो, ‘‘कागद मिटून ठेव आणि तिला फोन लाव. विचार, ही बारा वर्षे तू कशाच्या नोंदी ठेवल्यास?’’



‘‘सकाळीच लावला,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘तुम्ही काय सांगता, ते बघायचं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘उद्या दुपारी कालव्यावर येतेय चालायला. सांगितलंय तिला, एकटीच ये म्हणून.’’